दिव्यांग बालके आणि जलोपचार



ज्या मुलाला आधाराशिवाय बसता येत नाही, त्याला पाटीवर अक्षर गिरवणे आणि स्वतःच्या हाताने घास घेणेही अवघड जाते. हाताच्या कामाला आधी धडाचे स्थैर्य लागते. पोट, पाठ व कंबर यांचे स्नायू हे स्थैर्य देतात. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात झालेल्या अनेक मुलांत नेमके हेच स्नायू दुबळे राहतात.

जमिनीवर असे मूल तोल जाताच कोसळते आणि पडण्याच्या भीतीने त्याचे अंग अधिकच ताठरते. पाण्यात तसे होत नाही. कमरेइतक्या पाण्यात शरीराचे सुमारे निम्मे वजन पाणीच पेलते. छातीइतक्या पाण्यात सुमारे दोनतृतीयांश. शिवाय पाण्याच्या प्रतिरोधामुळे पडणे मंदावते आणि मुलाला स्वतः सावरण्यास अवधी मिळतो. जलोपचाराचे सारे मर्म या अवधीत आहे.

लंडनच्या साउथगेट भागातील हॅलिविक या दिव्यांग मुलींच्या शाळेत १९४९ साली जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने या विचारावर पोहण्याचे शिक्षण सुरू केले. पुढे ती पद्धती हॅलिविक याच नावाने ओळखली जाऊ लागली. त्यात हवेच्या ट्यूबला स्थान नाही. ट्यूब मुलाला तरंगत ठेवते, पण त्याच्या पाठीला काहीच करावे लागत नाही. मुलाला ट्यूबमध्ये बसवून काठावर गप्पा मारणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. येथे एका मुलामागे एक सहायक लागतो.

आरंभ श्वासापासून होतो. तोंड पाण्याजवळ येताच फुंकर घालावयाची, ही सवय आधी जडवतात. नंतर खुर्चीवर बसल्याप्रमाणे गुडघे वाकवून मूल पाण्यात बसते. सहायकाचे हात प्रथम छातीशी, मग कमरेशी, मग नितंबांशी. आधार जसजसा खाली सरकतो, तसतसे धडाचे काम वाढते. डावीउजवीकडे तरंगणारा चेंडू घेणे, उताणे पडून पुन्हा उठून बसणे, सहायकाने भोवती हळूच लाटा उठवल्यावर स्थिर राहणे, असे खेळ त्यानंतर येतात. मुलाला तो खेळच वाटतो, व वाटावा.

मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवले. पण ती एका जवानाची कथा होय. येथे अपेक्षा आहे ती ताटासमोर नीट बसता येण्याची. जलोपचारावरील अभ्यास अद्याप थोडे व लहान आहेत. जमिनीवरील व्यायाम त्यामुळे थांबवू नयेत.

गावची विहीर वा तळे या कामाचे नव्हे. स्वच्छ व सुमारे ३२ ते ३४ अंश सेल्सिअस उष्ण पाणी, प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ आणि काठावर आणखी एक सावध व्यक्ती हवीच. फेफरे येणाऱ्या, गिळताना ठसका लागणाऱ्या किंवा उघडी जखम असलेल्या मुलाबाबत डॉक्टरांचा सल्ला प्रथम. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावयाचे असतात. गावात तलाव बांधण्यापेक्षा जिल्ह्याच्या केंद्रापर्यंतच्या वाहनाचा विचार त्यातून करता येईल. परतताना मुलाचे अंग कोरडे करून उबदार कपडे घालावेत आणि त्याच दिवशी घरी सतरंजीवर थोडा वेळ बसण्याचा सराव घ्यावा.