टॉवरची भीती आणि हातातला फोन
(संस्थेच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या शाळेशेजारच्या इमारतीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला आणि चार पालक आपल्या मुलींचे दाखले मागण्यास आले. त्यांच्या काळजीला मी हसणार नाही. मात्र दाखला काढण्यापूर्वी विज्ञान काय सांगते ते ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

क्ष-किरणांत अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी शक्ती असते, म्हणून त्यांच्यापासून पेशींना धोका संभवतो. मोबाईलच्या लहरी या रेडिओच्या जातीच्या. त्यांत तेवढी शक्ती नाही. त्या फार तीव्र असल्या तर शरीर तापते, हा त्यांचा सिद्ध झालेला परिणाम. तो होऊ नये म्हणून मर्यादा घातल्या आहेत. भारत सरकारने २०१२ साली टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकीच मर्यादा ठरविली.

मग कर्करोगाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातल्या. याचा अर्थ शंकेला जागा आहे, पण पुरावा तोकडा आहे. पुढे २०२४ साली याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाईलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही.

आता विद्यार्थ्यांनी थोडे गणित करावे. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. दसपट झाले की शंभराव्या हिश्श्यावर. टॉवर दूर आहे. फोन मात्र कानाला चिकटलेला! शिवाय रेंज कमी असली की फोन अधिक जोर लावतो. तेव्हा सावधगिरी बाळगायचीच असेल, तर ती घरापासून सुरू करावी. लांबलचक बोलणे स्पीकरवर करावे, रेंज नसेल तेथे आटोपते घ्यावे, रात्री फोन उशाशी ठेवू नये.

टॉवरविषयी शंका उरली तर भांडण नको, मोजमाप करून घेऊ. दूरसंचार विभागाच्या, २०१७ साली सुरू झालेल्या 'तरंग संचार' पोर्टलवर टॉवरची माहिती मिळते आणि मोजणीची मागणीही करता येते. येणारा आकडा शाळेच्या फलकावर सर्वांसमक्ष लावावा, अशी माझी संस्थेला सूचना आहे. तो मर्यादेबाहेर निघाला, तर तक्रारीच्या अर्जावर पहिली सही माझी असेल.

बंधुभगिनींनो, लहरी मोजता येतात. मुलीचे शिक्षण एकदा सुटले, तर ते नुकसान कोणत्या यंत्राने मोजणार? ते दाखले तूर्त कचेरीतच राहू द्यावेत.