सेप्टिक टँकची निगा : घराची आणि कामगाराचीही सुरक्षितता



घर बांधताना देवघर कोठे असावे, स्वयंपाकघरात उजेड कोणत्या बाजूने यावा, याचा विचार बारकाईने होतो. संडासाची टाकी मात्र एकदा बांधून झाली की विस्मरणात जाते. पुढे अंगणात फरशी बसते आणि टाकीचे झाकणही तिच्याखाली गडप होते. तिची आठवण होते ती मैला वर आल्यावरच. मग घाईघाईने माणूस बोलावला जातो. अशा टाक्यांत उतरून आजवर अनेक कामगारांनी प्राण गमावले आहेत. वेळच्या वेळी घेतलेली निगा हा अनर्थ टाळू शकते.

टाकीचे कार्य

सेप्टिक टँक हे घरगुती सांडपाण्याचे छोटेसे शुद्धीकरण केंद्रच होय. शौचालयातून आलेले पाणी तेथे एक ते दोन दिवस स्थिरावते. जड मैला तळाशी बसतो. तेलकट व हलके पदार्थ सायीप्रमाणे वर तरंगतात. हवेविना जगणारे सूक्ष्मजंतू तळाच्या मैल्याचे विघटन करतात आणि मधल्या थरातील पाणी नळीवाटे शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते. हे पाणी निर्जंतुक नसते. यास्तव ते उघड्या गटारात सोडू नये, तसेच शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा.

सर्वच मैल्याचे विघटन होत नाही. गाळ साचत राहतो. जागा कमी पडली की तो पाण्याबरोबर पुढे वाहतो आणि शोषखड्ड्याच्या भोवतालची जमीन पाणी शोषेनाशी होते. मग नवा खड्डा खणण्याचा खर्च पदरी येतो.

नित्याची काळजी

संडास धुताना तीव्र आम्ल अथवा फिनेल भरमसाट ओतू नये. त्यामुळे उपयुक्त जंतू मरतात. कापड, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड, उरलेले तेल यांपैकी काहीही टाकीत जाऊ देऊ नये. पावसाळ्यात पन्हळीचे पाणी तिच्याकडे वळवू नये. वायुनळीच्या तोंडाला डासप्रतिबंधक जाळी असावी आणि ती फाटल्यास त्वरित बदलावी. झाकण केव्हाही उघडता येईल असे, पण एरवी घट्ट बंद असावे.

वर्षातून एकदा गाळाची पातळी पाहावी. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून ती बाहेरूनच तळापर्यंत सोडली असता गाळाचा काळा डाग किती उंचीपर्यंत चढला ते दिसते. गाळ आणि साय मिळून टाकीच्या खोलीचा एक तृतीयांश भाग व्यापत असल्यास उपसा करावा. साधारणतः दोन ते तीन वर्षांनी ही वेळ येते. झाकण उघडताना काडी, विडी वा दिवा जवळ नसावा, कारण आत साठणारा मिथेन पेट घेतो.

उपसा यंत्रानेच

टाकीतील हायड्रोजन सल्फाइड हा वायू त्याहून घातक आहे. त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. परंतु प्रमाण वाढताच वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास नाही म्हणून धोका नाही, असे मानणे प्राणघातक ठरते. आत पडलेल्याला वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही बळी पडतो, तो यामुळेच. म्हणून उपसा शोषणयंत्र बसविलेल्या गाडीनेच करून घ्यावा. विघटन चालू राहावे यासाठी थोडा जुना गाळ तळाशी राहू द्यावा.

संरक्षक साधनांविना कोणालाही टाकीच्या सफाईस लावणे २०१३ च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे. हा निर्बंध स्थानिक संस्थांप्रमाणेच घरमालकालाही लागू आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा मृत्यूंबाबतची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपयांवर नेली. तथापि कोणत्याही रकमेने घरचा कर्ता माणूस परत येत नाही.

सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी टाक्यांचा क्रमाने उपसा करण्याची पद्धत अंगीकारली. उपसलेला मैला नदीनाल्यात न टाकता प्रक्रिया केंद्राकडे नेणे हा तिचाच भाग होय.

अशी व्यवस्था नसेल तेथे प्रत्येक कुटुंबाने उपशाची तारीख घरपट्टीच्या पावतीसारखी जपून ठेवावी. झाकण मोकळे आणि तारीख ध्यानात, एवढे पाळले तरी टाकी तुंबणार नाही आणि तिच्यात कोणाला उतरावेही लागणार नाही.