पॅरिसच्या बाजारात



ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषयांची चर्चा होते, तेथे उभे राहून पॅरिसमध्ये खरेदी कोठे करावी हे सांगू लागणे काहींना थिल्लरपणाचे वाटेल. परंतु पॅरिसला निघालेल्या मंडळींनी आम्हांला आजवर जितके प्रश्न विचारले, त्यांत चित्रांविषयीचे थोडे, क्रांतीविषयीचे त्याहून थोडे, आणि "तिथून आणायचे काय, आणि घ्यायचे कुठे?" हा प्रश्न मात्र सर्वांचा. ज्या प्रश्नाची लोकांना खरोखर गरज आहे, त्याला चांगले उत्तर का देऊ नये?

आमचे उत्तर असे, की पॅरिसमध्ये पाहण्याची दुकाने वेगळी आणि घेण्याची दुकाने वेगळी. ही गल्लत झाली की माणूस तिकिटाइतके पैसे एका चामडी पिशवीत घालून परत येतो, आणि ती पिशवी मुंबईतही मिळत होती हे त्याला नंतर कोणीतरी सांगते.

आधी पाहण्याविषयी. आज आपण कोणत्याही मोठ्या दुकानात सहज शिरतो, चार वस्तू हाताळतो आणि काही न घेता बाहेर पडतो. ही मोकळीक जगाला ज्यांनी लावली, त्यांत पॅरिसच्या आरिस्तीद बूसिको याचे नाव फार वरचे आहे. नॉर्मंडीतल्या एका टोपीविक्याचा हा मुलगा १८५२ साली 'बाँ मार्शे' नावाच्या दुकानात भागीदार झाला. त्यापूर्वी दुकानात पाऊल टाकले की काही घेणे जवळजवळ भागच असे आणि भाव गिऱ्हाइकाचे कपडे पाहून ठरत असे. बूसिकोने प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी लावली. येईल त्याला आत येऊ दिले. न आवडलेली वस्तू परत घेण्याची हमी दिली. आपल्याकडे 'एकच भाव' अशी पाटी पुढे दुकानादुकानांत लागली, तिच्या पूर्वजांत बूसिकोला मान दिला पाहिजे. या कल्पना एकट्या त्याच्या डोक्यातून निघाल्या असे नव्हे. पण त्या सगळ्या एका छपराखाली आणून त्यांचे यंत्र बनवणारा तो. नाताळानंतर जानेवारीत गिऱ्हाईक ओसरते, म्हणून त्या दिवसांत त्याने चादरी, टेबलपोस अशा पांढऱ्या कापडाचा मोठा सेल सुरू केला. त्याच्या दुकानाच्या लोखंडी सांगाड्याच्या कामात आयफेलच्या कंपनीचाही हात होता. म्हणजे तो मनोरा उभा राहण्यापूर्वीच आयफेलचे लोखंड बायकांच्या खरेदीच्या सेवेत रुजू झाले होते!

'बाँ मार्शे' या शब्दांचा फ्रेंचमध्ये सरळ अर्थ 'स्वस्त' असा होतो. आज ते दुकान पॅरिसमधल्या अत्यंत महागड्या दुकानांपैकी एक आहे. नाव मात्र बदललेले नाही.

या यंत्राची दुसरी बाजू एमिल झोला याने १८८३ साली 'ओ बोनर दे दाम' या कादंबरीत मांडली. कादंबरी लिहिण्यापूर्वी तो वही घेऊन अशा दुकानांतून हिंडला होता. कादंबरीत एका अवाढव्य दुकानासमोर एका म्हाताऱ्या कापडवाल्याचे अंधारे दुकान आहे. समोरचा झगमगाट वाढत जातो आणि त्याचे घरदार त्यात विझत जाते. झोलाला नव्या दुकानाचे कौतुकही होते, म्हणून ती कादंबरी एकांगी झालेली नाही. तिचा विषय अजून संपलेला नाही, हे पुढे येईलच.

तेव्हा बाँ मार्शे पाहावे. बूल्व्हार ओसमानवरचे 'गॅलरी लाफायेत' तर अवश्य पाहावे. तेथे १९१२ सालचा रंगीत काचेचा घुमट आहे, आणि त्याखाली उभे राहून वर पाहण्यास एक पैसा पडत नाही. १९१९ साली झ्यूल व्हेद्रीन नावाच्या वैमानिकाने या दुकानाच्या गच्चीवर विमान उतरवून दाखवले होते. त्याच गच्चीवरून सारे शहर दिसते. शेजारचे १८६५ चे 'प्रँतां' पाहण्याची शिफारस आम्ही थोडी पक्षपाताने करतो, कारण 'प्रँतां' म्हणजे वसंत, आणि वसंताच्या नावाने चालणाऱ्या संस्थांविषयी आम्हां व्याख्यात्यांना ममत्व असायचेच.

प्लास व्हांदोम हा जवाहिऱ्यांचा चौक. तेथे आपण काही घेणार नाही हे गृहीत धरतो. पण आपल्याच लोकांनी तेथे आणि आसपास पुष्कळ घेतले आहे. इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी तेथल्या शोमे या पेढीकडून नासपतीच्या आकाराचे दोन मोठे हिरे घेतले. ते पुढे 'इंदूर पेअर्स' म्हणून जगात गाजले. त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी १९३० च्या सुमारास माणिकबाग राजवाड्यासाठी पॅरिसच्या उत्तमोत्तम कारागिरांकडून फर्निचर करवून घेतले. रूलमानचे मेज, आयलीन ग्रेची आरामखुर्ची, असा तो सरंजाम होता. १९८० साली त्यातले पुष्कळसे मोनाकोत लिलावात निघाले, आणि २०१९ साली पॅरिसच्याच शोभाकलांच्या संग्रहालयात त्याचे खास प्रदर्शन भरले. पॅरिसने इंदूरला विकलेले सामान पॅरिसकर तिकीट काढून पाहून आले!

आता घेण्याकडे वळू. मोठी दुकाने निघण्यापूर्वी पॅरिसची खरेदी चाले ती 'पासाज'मध्ये. दोन रस्त्यांना जोडणारी, वर काचेचे छप्पर असलेली ही गल्ली. तेव्हाच्या रस्त्यांवर चिखल फार, पदपथ जवळजवळ नाहीत, आणि घोडागाड्या अंगावर येत. म्हणून कोरड्या पायांनी दुकाने पाहता यावीत यासाठी ही सोय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे दीडशेच्या आसपास पासाज होते. ओसमानने नवे रुंद रस्ते काढताना पुष्कळ पाडले, मोठ्या दुकानांनी उरलेल्यांचे गिऱ्हाईक नेले, आणि आज वीसएक राहिले आहेत. सर्वांत जुन्यांपैकी 'पासाज दे पानोरामा' १८०० सालचा. त्यात आजही जुनी टपाल-तिकिटे विकणारे बसतात. गॅलरी व्हिव्हियेनमध्ये १८२६ पासून पुस्तकांचे एक दुकान आहे. या गल्ल्यांतला दुकानदार बहुधा स्वतःच गल्ल्यावर असतो आणि मालाविषयी विचारले की त्याची कळी खुलते. फ्रेंच येत नसले तरी बिघडत नाही. मात्र आत शिरताच "बाँजूर" म्हटलेच पाहिजे. तो न म्हणता वस्तूला हात लावणे म्हणजे कोणाच्या घरात चपला घालून शिरण्यासारखे आहे, आणि पॅरिसचे दुकानदार तुसडे असतात अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे निम्मे मूळ आम्हांला तरी या एका शब्दात दिसते.

कापडाच्या दुकानात 'त्वाल द झ्वी' नावाचे चित्रांचे छापील सुती कापड अस्सल फ्रेंच आठवण म्हणून दाखवतात. ते सुंदर असते, घ्यावेसे वाटले तर जरूर घ्या. पण त्याची वंशावळ ठाऊक असावी. सतराव्या शतकात हिंदुस्थानची छीट फ्रान्समध्ये इतकी खपू लागली, की तेथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी ओरड केली आणि १६८६ साली राजाने तिच्यावर बंदी घातली. बंदी १७५९ पर्यंत टिकली. त्या त्र्याहत्तर वर्षांत छीट चोरून येतच राहिली आणि दरबारच्या स्त्रियाही ती वापरीत राहिल्या. बंदी उठताच १७६० साली ओबरकाम्फ नावाच्या गृहस्थाने पॅरिसजवळच्या झ्वी गावी छपाईचा कारखाना काढला, त्याचे हे कापड. अस्सल फ्रेंच म्हणून आपण जे बांधून आणतो, त्याची आजी कोरोमंडलच्या किनाऱ्यावरची आहे.

घासाघीस केल्याशिवाय ज्यांना खरेदी गोड लागत नाही, त्यांनी शनिवार, रविवार किंवा सोमवारी सेंत-उआँच्या जुन्या बाजारात जावे. या बाजाराचे मूळ कचऱ्यात आहे. रात्री शहराचा कचरा चाळून चिंध्या, हाडे, भांडी वेचणारे हजारो लोक पॅरिसमध्ये होते. १८८३ साली पूबेल नावाच्या प्रीफेक्टने फर्मान काढले, की घरमालकांनी कचरा झाकणाच्या डब्यातच ठेवावा. वेचणाऱ्यांचा धंदा बुडू लागला. त्यांतले पुष्कळ वेशीबाहेर ढकलले गेले आणि तेथेच त्यांनी आपला माल मांडला. फ्रेंच माणूस कचऱ्याच्या डब्याला आजही 'पूबेल'च म्हणतो. अधिकाऱ्याचे नाव अमर होण्याचा हा प्रकार आपल्या नगरपालिकांनीही विचारात घेण्यासारखा आहे. मेट्रोच्या चार नंबरच्या मार्गाने पोर्त द क्लिन्यांकूरला उतरल्यावर प्रथम स्वस्त कपडे आणि बनावट मालाची गर्दी लागते. तेथे न थांबता उड्डाणमार्गाखालून पलीकडे रू दे रोझिये गाठावी. खरा बाजार तेथे आहे. जुनी कुलुपे, गुंड्या, पोस्टकार्डे, तांब्याची भांडी, सारे काही मिळते. बनावट नाममुद्रेचा माल मात्र घेऊ नये. फ्रान्समध्ये तो जवळ बाळगणे हाही जकातीचा गुन्हा आहे. माल जप्त होतो आणि दंड विकणाऱ्यालाच नव्हे, घेणाऱ्यालाही होतो.

आमच्या मते पॅरिसमधली सर्वांत चांगली खरेदी सेन नदीच्या कठड्यावर होते. हिरव्या पत्र्याच्या पेट्या कठड्याला जडवून जुनी पुस्तके विकणारे हे 'बूकिनिस्त'. १८५९ साली त्यांना नियम आले. १८९१ पर्यंत रोज संध्याकाळी सारा माल उचलून घरी न्यावा लागे. मग रात्री पेट्या तेथेच ठेवण्याची परवानगी मिळाली. प्रत्येकास चार पेट्या, आणि त्यांतल्या एकीतच आयफेल मनोऱ्याच्या बाहुल्या वगैरे ठेवता येतात. बाकी तिन्हींत पुस्तके, चित्रे, छापील कागद. २०२४ च्या ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा नदीवर व्हायचा होता, म्हणून सुरक्षेसाठी शेकडो पेट्या हलवण्याचे पोलिसांनी ठरवले. विक्रेते हटून बसले, आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत खुद्द राष्ट्राध्यक्षांनी तो बेत रद्द केला.

हा हट्ट एकट्या त्या पेटीवाल्यांचा नाही, सबंध देशाचा आहे. १९८१ च्या कायद्याने फ्रान्समध्ये नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि कोणाही विक्रेत्यास तीवर पाच टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही. म्हणून कोपऱ्यावरचे पुस्तकांचे दुकान आणि मोठी पेढी एकाच भावाने विकतात आणि लहानगा तग धरतो. घरपोच पुस्तके पाठवणाऱ्या कंपन्या पाठवणावळ जवळजवळ फुकट करून हा कायदा पोकळ करू लागल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२३ पासून पस्तीस युरोंखालच्या मागणीवर किमान तीन युरो पाठवणावळ घेणे सक्तीचे झाले. पॅरिसच्या नगरपालिकेने तर २००४ पासून आपल्या कंपनीमार्फत गाळे विकत घेऊन ते पुस्तकवाले आणि कारागीर यांना भाड्याने देण्याचा उद्योग केला. तरीही २०२१ साली सँ-मिशेल चौकातली 'झिबेर झन' ही विद्यार्थ्यांची जुनी दुकाने बंद पडली. म्हणजे कायदा असून हे हाल. नसता तर काय झाले असते?

त्याच २०२१ साली बार्बेसमधले 'ताती' बंद झाले. १९४८ साली झ्यूल उआकी याने काढलेले हे गरिबांचे दुकान. फुटपाथपर्यंत आलेल्या पेट्यांतून कपडे उपसून काढायचे आणि गुलाबी चौकड्यांच्या पिशवीत भरून न्यायचे. आफ्रिकेतून आलेल्या मजुरांपासून नव्या नवऱ्यांपर्यंत सर्वांची त्याने सोय केली. आणि ५ नोव्हेंबर २०२५ रोजी नगरपालिकेच्या इमारतीसमोरच्या १८५६ सालच्या 'बे-आश-व्हे' या दुकानात 'शीन' या चिनी पेढीने आपले कायमचे दुकान उघडले. आत जाणाऱ्यांची रांग आणि बाहेर निषेध करणाऱ्यांचा घोळका, दोन्ही एकाच पदपथावर. काही फ्रेंच उत्पादकांनी आपला माल त्या दुकानातून काढून घेतला. झोलाच्या म्हाताऱ्या कापडवाल्याच्या जागी आता स्वतः मोठे दुकानच येऊन बसले आहे, असे ते दृश्य. रांगेतल्या बायकांना नावे ठेवण्याची आमची छाती नाही. ताती गेल्यावर त्यांनी जायचे कुठे? परंतु आपण जे हजारो मैलांवरून जातो, त्यांना स्वस्त कपड्यांसाठी पॅरिस नको असते. आपले दोनशे युरो पासाजमध्ये, कठड्यावर, पावाच्या भट्टीवर गेले तर त्या हट्टाला तेवढाच टेकू मिळतो.

पावाचेही सांगून टाकू. ज्या दुकानात पीठ तिथेच मळून तिथेच भाजले जाते, त्यालाच फ्रान्समध्ये 'बूलांझेरी' अशी पाटी लावता येते. भाजी, चीज, फळे यांसाठी दालिग्रचा बाजार सकाळी गाठावा. सोमवारी तो नसतो. फळे स्वतः दाबून पाहू नयेत, विक्रेत्याला आज खायची की उद्या एवढे सांगावे, तो त्याप्रमाणे निवडून देतो.

शेवटी हिशेबाचे. फ्रान्समध्ये मोठे सेल सरकार ठरवते: वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनच्या अखेरीस सुरू होऊन, साधारण चार आठवडे. जमल्यास प्रवास तेव्हा आखावा. युरोपबाहेर राहणाऱ्याने एकाच दुकानात तीन दिवसांच्या आत शंभर युरोंहून अधिक खरेदी केली, तर कराचा बराचसा भाग परत मिळतो. मात्र दुकानदाराकडे पारपत्र दाखवून तो कागद त्याच वेळी मागून घ्यावा लागतो, सर्वच लहान दुकानदार तो देत नाहीत, आणि विमानतळावर सामान ताब्यात देण्यापूर्वी तो यंत्रात दाखवावा लागतो. यंत्रापाशी रांग असते, म्हणून तासभर आधी निघावे. आणि पुस्तके पेटीत सर्वांत खाली ठेवावीत, वजन सारखे बसते.