शिडांच्या जहाजावरील शाळा

यंत्रयुगांतील आरमाराला शिडांचें जहाज कशाला हवें, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत सहज येईल. आजच्या युद्धनौकेवरील अधिकाऱ्याला वाऱ्याच्या मर्जीवर विसंबावें लागत नाहीं. आपलें स्थान त्याला उपग्रहाकडून क्षणांत कळतें. असें असतांहि भारतीय नौदलानें गोवा शिपयार्डमध्यें ‘तरंगिणी’ नांवाचें तीन डोलकाठ्यांचें जहाज बांधून घेतलें आणि १९९७ सालीं तें शिकाऊ कॅडेटांसाठीं सेवेंत दाखल केलें. कोलिन मडी या इंग्रज रचनाकारानें त्याचा आराखडा केला. लांबी सुमारें ५४ मीटर, शिडें वीस. जानेवारी २००३ मध्यें कोचीहून निघून एप्रिल २००४ मध्यें हें जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आलें; असा प्रवास करणारें नौदलाचें हें पहिलेंच जहाज. त्याचें कौतुक झालें तें योग्यच. परंतु जहाजाचें नित्याचें काम याहून साधें, आणि कदाचित् अधिक मोलाचें आहे.

कोकणच्या गलबताचें तिरकस शीड खालूनच सांभाळतां येतें. ‘तरंगिणी’च्या पुढल्या दोन डोलकाठ्यांवर मात्र चौकोनी शिडें आडव्या काठ्यांना बांधलेलीं असतात. तीं आवळून बांधावयाचीं तर दोरांच्या शिडीनें वर चढून, पायांखालीं केवळ एक झुलता दोर घेऊन, काठीवर पोटानें ओणवें व्हावें लागतें. कमरेला सुरक्षेचा पट्टा असतो. तरी पहिल्या दिवशीं खालीं पाहिल्यावर पाय थरथरतात, आणि त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

खरी परीक्षा मात्र जहाज वळवितांना होते. वारा समोरून असला म्हणजे नागमोडी वाट काढीत जावें लागतें. चौकोनी शिडांचें जहाज वाऱ्याच्या दिशेशीं साठ अंशांहून कमी कोन करून क्वचितच चालूं शकतें. म्हणून प्रत्येक वळणाला नाळ वाऱ्याच्या तोंडांतून बरीच दूर पलीकडे न्यावी लागते. सुकाणूं फिरवितांच वेग मंदावूं लागतो. पुढल्या डोलकाठीच्या शिडांवर वारा समोरून आदळतो आणि तीं नाळेला पलीकडे रेटतात. नेमक्या त्या वेळीं मधल्या डोलकाठीच्या काठ्या दोरांनीं फिरवावयाच्या. पुढल्या सर्वांत शेवटीं. हुकूम अवेळीं सुटला, किंवा एखाद्या दोराजवळचे हात रेंगाळले, तर जहाज वाऱ्याच्या तोंडावर अडकून मागें हटूं लागतें. चूक कोणाची, हें सर्वांना तत्काळ दिसतें. वर्गांतल्या फळ्यावर ही गोष्ट शिकवितां येत नाहीं.

हें शिक्षण निर्धोक आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. १९०५ सालीं हँबुर्गला बांधलेलें ‘पामीर’ हें चार डोलकाठ्यांचें जर्मन जहाज विद्यार्थ्यांना शिकवी आणि त्याचबरोबर मालहि वाही; मालाच्या भाड्यावर शिक्षणाचा बराच भार होता. १९५७ च्या ऑगस्टमध्यें तें ब्युनॉस आयर्सहून जव भरून निघालें. बहुतेक धान्य पोत्यांत न भरतां सुटेंच ओतलेलें होतें. २१ सप्टेंबर रोजीं, अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येस, ‘कॅरी’ नांवाच्या चक्रीवादळांत जहाज कलंडलें आणि बुडालें. जहाजावर ८६ माणसें होतीं. त्यांतील ५२ विद्यार्थी. वांचले अवघे सहा.

ल्युबेक येथील चौकशीनें ठपका एकट्या वाऱ्यावर ठेवला नाहीं. सुटें धान्य एका बाजूस सरकलें, शिडें वेळेवर उतरविलीं गेलीं नाहींत, अशीं कारणें तिनें दिलीं. जहाजाच्या मालकांना तीं सगळीं मान्य नव्हतीं. परंतु ऐंशी घरांतून गेलेलीं माणसें आणि जहाजाच्या पोटांतील तें जव यांचा संबंध नाकारणें कठीण होतें. ‘पासात’ हें दुसरें जहाजहि त्याच वर्षीं सेवेंतून निघालें.

जर्मन नौदलाला आपलें शिक्षणाचें जहाज तरीहि हवेंच होतें. १९५८ सालीं त्यानें ‘गॉर्च फॉक’ पाण्यांत सोडलें. त्यांत मालाचीं कोठारें नाहींत. ‘तरंगिणी’हि माल वाहत नाहीं. तिच्या पोटांत वारा पडल्यावर उपयोगी यावीं म्हणून डिझेल यंत्रें आहेत आणि तिचा खर्च सरकारी तिजोरींतून होतो. २०१२ सालीं त्याच गोवा शिपयार्डमध्यें बांधलेली ‘सुदर्शिनी’ तिच्या जोडीला आली, तेव्हां त्या खर्चांत आणखी एका जहाजाची भर पडली.