गुळगुळीतपणाची मर्यादा

जबलपूर शहरात येणारा पाहुणा भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहिल्यावाचून सहसा परत जात नाही. त्याच फेरीत त्याला मदनमहालच्या टेकडीवरील तोललेली शिलाही दाखविली जाते. गोंड राजांच्या त्या जुन्या किल्ल्याच्या वाटेवर ग्रॅनाइटचा एक प्रचंड गोटा दुसऱ्या खडकावर टेकलेला आहे. दोहोंचा स्पर्श इतक्या थोड्या जागेत दिसतो की, आता हा घसरणार असे पाहणाऱ्याला वाटावे. २२ मे १९९७ रोजी या शहराला भूकंपाचा मोठा हादरा बसला, कित्येक घरे पडली; शिला मात्र जागची हलली नाही. ती कलंडत नाही याचे श्रेय तिच्या गुरुत्वमध्याला द्यावे लागेल. परंतु ती घसरत नाही याचे श्रेय घर्षणाचे आहे. आणि स्पर्शाची जागा लहान असली म्हणून घर्षणही लहान असलेच पाहिजे, ही सामान्य समजूत येथे खोटी ठरते.

ही समजूत पहिल्याने खोटी पाडली ती फ्रान्समधील गिओम आमोंतों या संशोधकाने. १६९९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने दोन नियम मांडले. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात वाढते. आणि एकमेकांस भिडलेल्या पृष्ठभागांच्या दिसणाऱ्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते. लिओनार्दो दा विंची याने दोनशे वर्षांपूर्वी हेच ओळखले होते, परंतु त्याच्या वह्या त्याच्याजवळच राहिल्या. पुढे कुलों या लष्करी स्थापत्यविशारदाने या नियमांची कसून तपासणी केली. घर्षणाचे मुख्य कारण पृष्ठभागांवरील उंचवटे एकमेकांत अडकतात हे होय, असे त्याचे मत होते. यावरून एक सरळ निष्कर्ष निघतो : उंचवटे घासून काढा, घर्षण नाहीसे होईल. कारखान्यातील नवशिक्या कारागिरालाही आरंभी असेच वाटते.

परंतु अठराव्या शतकातच इंग्लंडमध्ये डेझॅग्युलियर्स याने शिशाचे दोन गोळे घेतले, त्यांचा थोडा थोडा भाग स्वच्छ कापला आणि ते एकमेकांवर पिळून दाबले. गोळे इतके घट्ट चिकटले की ते वेगळे करण्यास मोठे बळ लागले. पृष्ठभाग फार गुळगुळीत व फार स्वच्छ झाले तर घर्षण घटण्याऐवजी वाढेल, ही शंका त्यातून निघाली. आज कोणत्याही चांगल्या कारखान्यात मापाचे पोलादी ठोकळे असतात. स्वीडनच्या योहान्सन याने प्रचारात आणलेले हे ठोकळे आरशासारखे घासलेले असतात. एकावर एक सरकवून दाबले की ते कोणत्याही डिंकावाचून एकमेकांना धरून राहतात.

याचा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यास केंब्रिज येथे बाउडेन व टेबर यांनी केला. डोळ्याला सपाट दिसणारे पोलाद सूक्ष्म मापनात डोंगराळ मुलुखासारखे दिसते. १९५० साली नभोवाणीवरून बोलताना बाउडेन यांनी स्वित्झर्लंड उलटे करून ऑस्ट्रियावर ठेवण्याची उपमा दिली होती. जबलपूरच्या माणसाने सातपुडा उचलून विंध्यावर पालथा घातला अशी कल्पना करावी. शिखरे शिखरांना टेकतील. दऱ्या रिकाम्याच राहतील. हिशेब असा की, मऊ पोलादाच्या १० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद तुकड्यावर १०० किलोग्रॅम भार ठेवला, तर दोन पृष्ठभागांचा खरा स्पर्श सुमारे १ चौरस मिलिमीटर इतकाच होतो, म्हणजे दिसणाऱ्या क्षेत्राचा दहा हजारावा भाग. भार दुप्पट केला की शिखरे आणखी चेपतात आणि खरा स्पर्शही जवळजवळ दुप्पट होतो. आमोंतोंच्या दोन्ही नियमांचे मर्म हेच. त्या इवल्याशा जागी धातू धातूला चिकटतो. भाग सरकला की सांधा तुटतो आणि तुटताना कधी कधी एका बाजूचा कण उखडला जातो. या उखडण्यालाच झीज म्हणतात.

मग पृष्ठभाग खरखरीत ठेवावा की गुळगुळीत? मराठी घरातील गृहिणीला या प्रश्नाचे अर्धे उत्तर पूर्वीपासून ठाऊक होते. जाते फार दिवस दळून गुळगुळीत झाले की पीठ नीट पडत नसे. मग टाकी लावणाऱ्याला बोलावून तळीचा दगड पुन्हा खडबडीत करून घ्यावा लागे. पाट्या-वरवंट्याचेही तेच. तीच गृहिणी पाहत असे की, बैलगाडीच्या आसाला मात्र गाडीवान वंगण घालतो. जात्याला झीज हवी असते, पण ती दाण्याची. आसाला ती मुळीच नको असते. म्हणून पृष्ठभाग कसा असावा हे त्याच्या कामावरून ठरते.

जबलपूरला ही गोष्ट पुस्तकी नाही. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली स्थापन झाली. १९६९ साली उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीतून पुढे शक्तिमान मालमोटारी सैन्याकडे जाऊ लागल्या. मालमोटारीच्या एंजिनात दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीवर मिनिटाला हजारो वेळा खालीवर घासतो. ती भिंत आरशासारखी चकचकीत केली तर तेलाला तेथे थारा मिळत नाही. ती कोरडी पडते, धातूला धातू भिडतो आणि दट्ट्याच्या कड्या भिंतीला ओरखडतात. ती फार खडबडीत ठेवली तर कड्या कानशीवर घासल्यासारख्या झिजतात. म्हणून अनुभवी कारागीर होनिंगच्या दगडांनी भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटवितो आणि मग त्यांची टोके तेवढी हलकेच छाटून टाकतो. वर भार पेलणारी सपाट पठारे राहतात. खाली तेल साठविणाऱ्या दऱ्या. अशा भिंतीचा खरखरीतपणा बहुधा अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या दऱ्या किती उथळ असतात ते कळते.

नवे एंजिन प्रारंभी हलक्या भाराने चालवावे, असे जुने चालक सांगत ते निराधार नव्हते. पहिल्या काही तासांत उरलेली शिखरे बेताने झिजतात आणि भाग एकमेकांस सरावतात. हा सराव होण्यापूर्वीच भार लादला तर तीच शिखरे तापून चिकटतात.

फिरत्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये दांडा व धातूची वाटी यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो थर दोन्ही पृष्ठभागांच्या एकत्रित खरखरीतपणाच्या तिप्पटीहून जाड असेल, तर शिखरे शिखरांना भेटत नाहीत आणि झीज जवळजवळ थांबते. येथे मात्र गुळगुळीतपणाच हिताचा. कारण पृष्ठभाग जितका नितळ, तितका पातळ थरही पुरतो.

झिजेचा दुसरा प्रकार भेडाघाटला नर्मदाच दाखविते. संगमरवर मऊ, पाण्याबरोबर वाहणारी वाळू गारेची, त्याहून पुष्कळ कठीण. हजारो वर्षे ती वाळू दगड घासत आली आहे. रस्त्यावरील धुळीतही गारेचे कण असतात. गाळणी फाटकी असली की ते एंजिनात शिरतात आणि कारागिराने निगुतीने उमटविलेल्या त्या अर्ध्या मायक्रोमीटरच्या रेघा पुसून टाकतात. एखाद्या गाळणीची किंमत ती किती? परंतु तिच्या हेळसांडीने वर्षांचे आयुष्य महिन्यांवर येते.

या नासाडीचा राष्ट्रीय हिशेब प्रथम ब्रिटनमध्ये झाला. १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीने अहवाल दिला : घर्षण, झीज आणि वंगण यांची शास्त्रीय काळजी घेतली तर त्या देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील. या नव्या विद्याशाखेला त्याच वेळी घासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ट्रायबॉलॉजी हे नाव मिळाले.

गन कॅरेज फॅक्टरीत तयार झालेल्या धनुष तोफांपैकी पहिल्या सहा ८ एप्रिल २०१९ रोजी सैन्याच्या स्वाधीन झाल्या. १५५ मिलिमीटर व्यासाचा गोळा सुटला की नळी वेगाने मागे येते. तो धक्का तेलाने भरलेल्या सिलिंडरमध्ये जिरवून तिला पुन्हा जागेवर आणावे लागते, आणि हे दर फेरीला घडावे लागते. आतील दांड्यावर एक ओरखडा राहिला तर तो तेल अडविणारी कडी कुरतडतो. तेल झिरपते, आणि गरजेच्या क्षणी तोफ आपल्या जागी परत येत नाही.

यंत्रभागाच्या नकाशावर पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचा जो लहानसा आकडा लिहिलेला असतो, त्यामागे असा विचार असतो. तो ठरविणारा आराखडाकार मेजापाशी असतो, राखणारा कारागीर यंत्रापाशी, आणि त्यावर भरवसा ठेवणारा चालक किंवा तोफची त्या दोघांपासून शेकडो कोस दूर, एखाद्या घाटात अथवा बर्फात. त्याला तो आकडा ठाऊक नसतो, आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. आकडा अकारण बारीक लिहिला तर घासण्यात तास आणि पैसा वाया जातो. निष्काळजीपणे जाड राहू दिला तर त्याची किंमत त्या दूरच्या माणसाला मोजावी लागते. जबलपूरच्या कारखान्यांत पाळी संपताना कारागीर घासलेल्या भागावरून एकवार बोट फिरवून पाहतो. मापक यंत्र त्याच्याहून अधिक अचूक सांगते हे खरे. पण ते लावून पाहण्याची बुद्धी त्या बोटालाच प्रथम होते.