बांधावरची रानपोपटी



राधानगरीच्या खोऱ्यात पाऊस लागला की बांधावर, उकिरड्याच्या कडेला एक हात-दीड हात उंचीचे झुडूप आपण होऊन उगवते. भांगलणीत ते आपण उपटून टाकतो. हीच रानपोपटी. कोणी तिला चिरबोटी म्हणतात, संस्कृतात टंकारी.

वांगी, टोमॅटो यांच्या कुळातली ही वनस्पती. फूल फिकट पिवळे. फूल गळाले की त्याचा हिरवा कोश फुगतो आणि कागदी कंदिलासारखा फळाभोवती लोंबतो. पोरे तो कपाळावर आपटून फट्‌कन फोडतात. म्हणून हिला कपाळफोडी समजू नका. कपाळफोडी ही वेल. तिचा फुगा तिधारी आणि काळ्या बीवर पांढरा बदामी ठिपका. अश्वगंधेलाही कागदी आवरण असते, पण आतले फळ लालभडक. ते खायचे नाही.

आता औषधाचे पाहू. पिकलेले फळ शक्ती देणारे, पोट साफ करणारे आणि लघवी वाढवणारे मानतात. कोकणात हे झाड तांदळाच्या धुवणात वाटून लेपासाठी वापरत. हे अनुभवाचे ज्ञान आहे, ते टाकाऊ नव्हे. पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. खड्याने लघवी अडली असेल, तर लघवी वाढवणारे औषध देऊन काय साधणार? वाट बंद, आणि मागून पाण्याचा लोंढा! अशा वेळी काढा उकळत बसू नये. रोग्याला तडक दवाखान्यात न्यावे.

दुसरी गोष्ट मुलांची. हिरवे फळ आणि पाला खाऊ नये. त्यांत विषारी अंश असतो. आवरण वाळून पिवळसर झाले, आतले फळ पिवळे, मऊ झाले, म्हणजेच ते खाण्याजोगे. तेही धुऊन, थोडे. जिथे तणनाशक फवारले, त्या बांधावरचे फळ तोंडात घालू नये.

रानपोपटीसाठी जंगलात जायचे कारणच नाही. राधानगरीचे अभयारण्य १९५८ साली झाले. तिथला पाला तोडायला मनाई आहे. ही तर आपल्या दारची. गुरुजींनी भाद्रपद-आश्विनात एक हिरवा आणि एक पिकला फुगा वर्गात नेऊन मुलांकडून उघडून घ्यावा, दोहोंतला फरक दाखवावा आणि मग हात धुवायला लावावे. डोळ्यांनी पाहिलेली खूण मूल विसरत नाही.