रेशन पोट भरतं, परसबाग ताट भरते

मी बोलतेय म्हैसूरजवळच्या कडकोळहून. म्हैसूर-नंजनगूड रस्त्यावरचं हे गाव, एकीकडे कारखाने आणि दुसरीकडे शेतं. नोकरीच्या निमित्ताने आमचं घर इथे आलं आणि इथलंच झालं. आज बोलायचंय घरी भाजी पिकवण्याबद्दल. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

२०२०च्या टाळेबंदीत बाजार बंद झाला. घरात तांदूळ, तूरडाळ, नाचणीचं पीठ, सगळं होतं. उपाशी कुणीच राहिलं नाही. पण आठ-दहा दिवस ताटात हिरवं पान नव्हतं. मागच्या अंगणात जागा होती, पण स्वच्छ दिसावं म्हणून तिथे मी फरशी घालून घेतली होती! शेवटी शेजारच्या आजींनी कुंपणावरून राजगिऱ्याची जुडी दिली आणि म्हणाल्या, "सोप्पु इल्लदे ऊटा आगुत्ता?" म्हणजे, पालेभाजीशिवाय जेवण होतं का?

त्या प्रश्नाने मला विचारात पाडलं. आपण अन्नसुरक्षा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर धान्याचं पोतं येतं. ते बरोबरच आहे. माझी आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाऊन घर जगलं. आज २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. त्याची किंमत आजीला विचारा.

मग घरीच सगळं पिकवू, असं कुणी म्हणालं तर? हिशेब करू. आपल्या पोषण संस्थेच्या शिफारशीत माणशी रोज २५० ग्रॅम धान्य आहे. चौघांचं रोज १ किलो, वर्षाचं ३६५ किलो. भाताचं देशातलं सरासरी उत्पन्न हेक्टरी पावणेतीन टन तांदूळ धरलं, तर त्याला साधारण १३ गुंठे जमीन लागेल. डाळ आणि तेल वेगळंच. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. पालापाचोळ्यातून माती घडवून दहा गुंठ्यांत कुटुंबाची गरज भागवता येईल, असा हिशेब त्यांनी मांडला होता. पण तुमच्या-माझ्या गॅलरीत दहा गुंठे नाहीत. तेव्हा कुंडीत धान्य पिकवण्याच्या गप्पा नकोत. धान्य शेतकऱ्याकडूनच येणार, आणि त्याला रास्त भाव मिळालाच पाहिजे.

त्याच शिफारशीत माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या आहेत. रेशनच्या पिशवीत त्या नसतात. महिनाअखेरीला घरात पहिली काटछाटही भाजीवरच होते. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. पोट भरलेलं असूनही ही भूक राहते. पालेभाजी म्हणजे त्यावरचं औषध नव्हे. थकवा असेल तर रक्त तपासा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्या. पण रोजच्या ताटात हिरवं असणं आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट बियाण्याची. आमच्या शेजारच्या नंजनगूडचं रसबाळे केळं प्रसिद्ध. मररोगाने त्याच्या बागा इतक्या घटल्या की आता ते शोधावं लागतं. एखादा वाण हरवायला फार काळ लागत नाही. उलट अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे बघा. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाल, घेवडा, भात यांचं गावठी बियाणं जपलं, बायकांना परसबागा लावायला शिकवलं. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम सुरू झालं ते घराजवळच्या जागेतून.

मी काय केलं? अर्ध्या अंगणातली फरशी काढली. भाज्यांची देठं-सालं आणि वाळका पाला थरावर थर देऊन ड्रममध्ये कुजवला. ड्रमला खालून भोकं हवीत, नाहीतर वास सुटतो. मेथी महिनाभरात काढायला येते. राजगिरा वरून खुडला की पुन्हा फुटतो. शेवग्याची एक फांदी लावली, आता शेंगा आणि पाला दोन्ही मिळतं. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांनाच जातं. पहिल्या वर्षी टोमॅटो किडीने खाल्ले, वांगी सुकली. चालायचंच. आज आठवड्यातून तीनदा भाजी घरची असते. बाकीची मी बाजारातूनच आणते, आणि आता शेतकऱ्याशी घासाघीस करताना जीभ अडखळते. एक जुडी उगवायला किती दिवस लागतात, ते मला कळलंय.

तुमच्याकडे फक्त खिडकी असेल, तर खिडकीपासून सुरुवात करा. चार-पाच तास ऊन येत असेल तर एक पसरट कुंडी पुरे. डब्यातले मूठभर मेथीदाणे रात्री भिजत घाला, सकाळी पेरा. त्यातली एक-दोन रोपं मात्र खुडू नका, ती बी धरू द्या. आणि पहिली जुडी निघेल ना, त्यातली थोडी शेजारी द्या.

आमच्या आजींनी तेच केलं होतं.